तुटलेला तुकडा कुठे जातो?

कप्पाफायकस अल्वारेझी हे नाव जिभेवर बसायला जड, पण या लाल शेवाळाचा अर्क आपल्या पोटात नेहमी जातो. चॉकलेटच्या दुधात कोको तळाशी बसत नाही, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होत नाहीत, दाबलेली टूथपेस्ट ब्रशवर पसरत नाही, यामागे बऱ्याचदा या शेवाळापासून काढलेले कॅरागीनन हे दाटपणा आणणारे द्रव्य असते. मूळ फिलिपिन्सच्या बाजूचे हे शेवाळ तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर दोन दशकांहून अधिक काळ तराफ्यांवर लावले जात आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने जिवंत समुद्री शेवाळ आयात करण्याची नियमावली काढली आणि जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, परके आहे, प्रवाळ मारते, हाकला. दुसरी म्हणते, मिरची-बटाटाही परकेच, गरीब बायकांच्या पोटावर पाय आणू नका. दोघेही शेवाळाचा जन्मदाखला तपासत बसले आहेत. माझ्या मते तो तपासणे निरर्थक आहे. विचारायला हवे ते एवढेच की तराफ्यावरून तुटलेला तुकडा कुठे जातो, आणि तो कोण, कोणाच्या पैशाने उचलतो? या कसोटीवर रामनाथपुरमसमोरच्या मन्नारच्या आखातातल्या बेटांजवळ ही शेती चुकीची ठरते, इतर काही ठिकाणी चालण्याजोगी ठरते, आणि कोकणात उत्तर मिळेपर्यंत थांबण्याजोगी.

तुकड्याचे एवढे महत्त्व का, हे शेतीची रीत पाहिल्याशिवाय कळत नाही. बारा फूट लांब, बारा फूट रुंद असा बांबूचा चौकोन. बांबू तीन-चार इंच जाडीचे, चारही कोपऱ्यांना तिरके आधार. आत पॉलिप्रॉपिलीनच्या पिळाच्या दोऱ्या, वीस. प्रत्येक दोरीवर वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरवर एकेक, असे वीस तुकडे बांधायचे. प्रत्येक तुकडा दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका तराफ्याला चारशे तुकडे, साठ किलो बियाणे. खाली जुने मासेमारीचे जाळे ताणायचे, कारण शेवाळखाऊ मासे खालून येऊन कोवळी टोके कुरतडतात आणि सुटलेले तुकडे खाली पडतात. असे दहा तराफे एकमेकांना बांधून नांगरायचे. पंचेचाळीस दिवसांनी एका तराफ्यातून सरासरी २६० किलो ओले शेवाळ निघते. त्यातले साठ किलो पुन्हा बियाणे, उरलेले दोनशे वाळवले की जेमतेम वीस किलो हाती लागते. बी नाही, रोपवाटिका नाही. जुन्या पिकाचे तुकडे हेच नवे पीक. साठाचे दोनशे साठ होणे याचा अर्थ वजन सुमारे तीन आठवड्यांत दुप्पट होते. दहा तराफ्यांच्या एका रांगेत कापणीच्या सुमारास २,६०० किलो शेवाळ लटकत असते. त्यातले शंभरात एकच किलो वाऱ्याने किंवा जाळे फाटून सुटले असे धरले, तरी २६ किलो झाले. म्हणजे दीडशेहून जास्त बांधणीजोगे तुकडे. दोरीला बांधलेला तुकडा आणि प्रवाळाच्या फांदीत अडकलेला तुकडा यांत वनस्पतीच्या दृष्टीने फरक कसला?

समर्थकांचा पहिला युक्तिवाद इथेच येतो. आपल्या पाण्यात हे शेवाळ बीजाणूंनी पसरत नाही, फक्त तुकड्यांनी वाढते, म्हणून ते आटोक्यात राहते, असे ते म्हणतात. क्षणभर मानू. पण जलपर्णी कशाने पसरते? पंचगंगेत किंवा मुळा-मुठेत तिचे जे हिरवे गालिचे दिसतात, ते बहुतांश फुटव्यांचेच काम. बीजाणू नाहीत ही सुरक्षिततेची हमी नव्हे. उलट, प्रत्येक कापणीत, प्रत्येक वादळात, प्रत्येक रोगात झाडाचे तुकडे पडणार असतील, तर ‘फक्त तुकड्यांनी’ हे वाक्य दिलासा देण्याऐवजी धास्ती वाढवणारे आहे. या शेवाळाला पाणी तापले किंवा खारटपणा घटला की ‘आइस-आइस’ नावाचा विकार होतो. फांदीचा मधला भाग पांढरा पडून मऊ होतो आणि तिथून फांदी तुटते. पांढरा भाग कुजतो, पण टोकाचा निरोगी भाग मोकळा होतो. पीक आजारी पडले की ते मरता मरता पसरतेही.

हा नुसता तर्क नाही, कारण असा प्रयोग एका बेटावर आधीच होऊन गेला आहे. हवाईच्या ओआहू बेटावर कानेओहे नावाचा उपसागर आहे. त्यातल्या मोकु ओ लोए या चिमुकल्या बेटाजवळ १९७४ मध्ये कप्पाफायकस प्रयोगासाठी आणले गेले. ते आणणारे मॅक्सवेल डॉटी हे हवाई विद्यापीठातले नामांकित शेवाळतज्ज्ञ. फिलिपिन्समधल्या हजारो कुटुंबांची रोजीरोटी त्यांच्याच कामातून उभी राहिली, हे विसरता येत नाही. हेतू निर्मळ होता. १९८३ च्या एका अभ्यासाने दिलासाही दिला की हे शेवाळ जड, पाण्यात बुडणारे, त्यामुळे खडकांमधल्या खोल पाण्याच्या पट्ट्या ओलांडून जाणार नाही. १९९९ मध्ये प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध झाली. शेवाळ मूळ जागेपासून सहा किलोमीटर गेले होते, वर्षाला सरासरी अडीचशे मीटर. बुडणारा तुकडा तरंगत नाही हे खरे, पण लाटेने तळावरून गडगडत तर जातो. वर्षाला अडीचशे मीटर म्हणजे दिवसाला पाऊण मीटरसुद्धा नाही. म्हणून तर पहिली काही वर्षे कुणाच्या डोळ्यांत ते आले नाही.

मग हाताने उपटून पाहिले, पण प्रवाळाला चिकटलेले बुंधे मागे राहिले आणि दोनेक महिन्यांत शेवाळ पुन्हा फोफावले. शेवटी ‘सुपर सकर’ नावाची यंत्रनौका बांधावी लागली. पाणबुडे खाली शेवाळ सोडवून मोठ्या नळीच्या तोंडाशी देतात, नौकेवर ते चाळून अडकलेले खेकडे-मासे परत पाण्यात सोडतात, आणि शेवाळ खत म्हणून शेतकऱ्यांना जाते. एवढे करूनही भागले नाही. साफ केलेल्या खडकांवर चरायला तिथलेच, त्याच समुद्रातले अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे शेवाळखाऊ प्राणी, सरकारी उबवणी केंद्रात वाढवून सोडावे लागले. २०११ पासून असे लाखो पिल्लू-अर्चिन तिथे सोडले गेले. नळी आणि अर्चिन दोन्ही मिळून शेवाळ ठळकपणे घटले, हे यशच. पण ते यश श्रीमंत देशाच्या सरकारी तिजोरीतून, तीन-चार दशकांनंतर आले. प्रयोगाच्या खर्चात यातला एक डॉलर तरी धरला होता का?

आता मन्नारकडे. रामेश्वरमपासून तुतिकोरिनपर्यंत पसरलेली एकवीस छोटी बेटे, १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने हे शेवाळ १९८४ मध्ये भारतात आणले. ते आधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होते, नव्वदच्या दशकात मंडपमला आले, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एका मोठ्या शीतपेय कंपनीच्या करारातून बचतगटांच्या तराफ्यांवर पोहोचले. डिसेंबर २००५ मध्ये तमिळनाडू सरकारने आदेश काढला की परकी शेवाळशेती पाल्क उपसागराच्या उत्तरेला आणि तुतिकोरिनच्या दक्षिणेलाच करावी, म्हणजे मन्नारच्या बेटांसमोरचे पाणी वगळून. कागदावर समंजस वाटणारी रेघ. पण २००८ मध्ये कुरुसडै बेटाजवळच्या शाखाळ प्रवाळांवर कप्पाफायकस पसरल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात आली, आणि पुढे शेजारच्या बेटांवरही ते आढळले. ते प्रवाळाच्या फांद्यांना कवळते, वरून छत धरते, खालच्या जिवंत प्रवाळाला ऊन मिळू देत नाही. प्रवाळाचे बरेचसे अन्न त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले उन्हातून तयार करतात. छत धरले की उपासमार सुरू.

रेघ का टिकली नाही? नकाशावर पाल्क आणि मन्नार ही दोन नावे आहेत, पण मध्ये पांबनची खाडी आहे, रेल्वेचा प्रसिद्ध पूल आहे तीच. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत तिथून पाणी पाल्ककडून मन्नारकडे वाहते, नैर्ऋत्येच्या महिन्यांत उलटे. कुरुसडै या खाडीच्या तोंडाशीच आहे. सागराची हद्द महसुली गावासारखी आखली, की असे होते.

यावर भावनगरच्या त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला प्रतिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यांचे म्हणणे, बेटाच्या एकूण क्षेत्राच्या मानाने हा पसारा अगदी किरकोळ आहे. आणि त्याहून जोरदार मुद्दा, जो मला या वादातला सर्वांत प्रामाणिक आक्षेप वाटतो, तो असा: मन्नारचे प्रवाळ शेवाळाने नाही, उष्णतेने मेले. २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत पाणी तापून तिथे मोठी विरंजने झाली, म्हणजे पेशींतली ती सूक्ष्म शैवाले गमावून प्रवाळ पांढरे पडले. त्याआधी अनेक दशके चुना आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून नेले जात होते. या हिशेबात एका शेवाळाला फाशी द्यायची म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे नाही का?

नाही, आणि त्याचे कारण याच हिशेबात आहे. विरंजनानंतर प्रवाळ सावरतो तो दोन गोष्टींवर: उरलेल्या जिवंत वसाहती, आणि नव्या अळ्यांना बसायला मिळणारा उघडा, स्वच्छ कठीण खडक. तापलेल्या पाण्याने मोकळी केलेली जागा आधी कोण बळकावतो, यावर पुढची पंधरा-वीस वर्षे ठरतात. तापाने खंगलेल्या माणसाला ‘तुझा खरा आजार ताप आहे’ असे सांगून घरात डास सोडत नाहीत. शिवाय समुद्राचे तापमान रामनाथपुरमच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही. तराफा कुठे नांगरायचा हे मात्र आहे. राहिला किरकोळ क्षेत्रफळाचा मुद्दा. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली १९८४ मध्ये कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्या शेवाळाचा एक चौरस मीटरचा तुकडा दिसला होता. किरकोळच. पाच वर्षांनी तो हेक्टरभर झाला. मग ते संग्रहालयाच्या टाक्यांतूनच निसटले की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झडला, आणि वाद चालू असताना शेवाळ भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर पसरले. तेच शेवाळ जून २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खारकच्छात सापडले, तेव्हा तिथल्या यंत्रणेने तीन आठवड्यांच्या आत त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरिन सोडले. २००६ मध्ये ते पूर्ण संपल्याचे जाहीर झाले. खर्च सत्तर लाख डॉलरच्या घरात. आता या शेतीच्या समर्थकांच्या बाजूने हेही सांगायला हवे, की भूमध्य समुद्रातला कॉलेर्पा पुढे अनेक जागी आपोआप ओसरला. पण कधी, कुठे ओसरेल हे आधी कोणालाच सांगता आले नव्हते. ओसरण्यावर भिस्त ठेवणे याला धोरण म्हणत नाहीत, जुगार म्हणतात.

मोनॅकोच्या गोष्टीतला धडा वेगाचा आहे, तसाच जबाबदारीचाही, आणि तो आपल्या वादात कोणीच घेत नाही. कुरुसडैवरचा तुकडा कोणाच्या तराफ्याचा? सिद्ध करता येणार नाही. भारतात लावलेले कप्पाफायकस मोजक्याच मूळ रोपांपासून तुकड्या-तुकड्यांनी वाढवलेले. सगळी एकमेकांची हुबेहूब भावंडे. गुरांच्या कानाला बिल्ला असतो, तुकड्याला नाही. मग ‘प्रदूषण करणारा भरपाई देईल’ हे तत्त्व इथे लागूच कसे करणार? दोषी शोधून दंड करण्याची पद्धत जिथे मुळातच निरुपयोगी आहे, तिथे पैसा आधी घ्यावा लागतो, आणि सगळ्यांकडून घ्यावा लागतो. खाणीला परवाना देताना जमीन पूर्ववत करण्याची हमी-रक्कम घेतात, त्यातलाच हा प्रकार. ती रक्कम बचतगटातल्या बाईने भरायची नाही. अनुदानातूनच ती वेगळी काढावी, आणि माल विकत घेणाऱ्या कंपनीने टनामागे त्यात भर घालावी. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत समुद्री शेवाळासाठी ६४० कोटी रुपये दाखवले होते. तराफे, दोऱ्या, रोपवाटिका, तमिळनाडूतले शेवाळ उद्यान यांची चर्चा झाली. सुटलेले शेवाळ उचलण्याच्या तरतुदीची चर्चा कोणी ऐकली?

उपजीविकेचा मुद्दा मी शेवटाकडे ठेवला, कारण तो सर्वांत जड आहे. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवती बुड्या मारून देशी शेवाळ काढत आल्या. मरिकोळुंदू, म्हणजे जेलिडिएला, आणि कट्टकोरै, म्हणजे सरगॅसम. डोळ्यांना गॉगल, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या, आणि खडकावरून ओरबाडलेले शेवाळ पिशवीत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांचे तेच काम गुन्हा ठरले. त्यांना तराफ्याने किनाऱ्याजवळ, कंबरभर पाण्यात, दर दीड महिन्याला पैसा दिला. पुण्या-मुंबईत बसून हे बंद करा म्हणणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, हे मला मान्य आहे. पण याच बायकांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१३ च्या सुमारास शिखरावर असलेले हे पीक त्यानंतर प्रचंड प्रमाणात मेले आणि उत्पन्न कोसळले. एकाच रोपाची भावंडे असल्यामुळे एकाला जे सोसवले नाही ते कोणालाच सोसवले नाही. झांझिबारच्या उथळ पाण्यातही, जिथे १९८९ पासून बायका हीच शेती करतात, पाणी तापू लागल्यावर कप्पाफायकस दोरीवरच मरू लागले. म्हणजे हे शेवाळ राक्षस नाही आणि कामधेनूही नाही. एका जागी ते खडक गिळते, दुसऱ्या जागी दोरीवर कुजते. ज्या बाईची सगळी मिळकत एका परक्या रोपावर टांगली आहे, तिला बाजूच्या खडकावरचे मासे, खेकडे आणि देशी शेवाळ हाच आधार उरतो. तो खडक वाचवणे तिच्या विरोधात कसे जाते?

मिरची-बटाट्याचे काय? पोर्तुगीजांबरोबर मिरची आली, काजू आला, आणि आज त्यांच्यावाचून आपला स्वयंपाक चालत नाही, हे खरे. पण परक्यांच्या त्याच यादीत गाजरगवत आहे, ज्याची भारतातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली. खुद्द रामनाथपुरम जिल्ह्यात वेडी बाभूळ आहे: सरपणासाठी मुद्दाम आणलेली, कोळसा पाडणाऱ्यांना रोजगार देणारी, आणि तळी-ओढे गिळून बसलेली. त्या जिल्ह्याने ‘रोजगार देणारे परके झाड’ ही गोष्ट एकदा पाहिली आहे. मिरची शेताबाहेर पळत नाही, बाभूळ पळते. दोन्ही परक्याच, मग जन्मदाखल्याने काय ठरले? उलट बाजूनेही तेच. तारली हा एके काळी मुख्यतः मलबारचा मासा, १९८० च्या दशकानंतर तो पूर्व किनाऱ्यावर तमिळनाडू-आंध्रातही मोठ्या प्रमाणात मिळू लागला. त्याला घुसखोर म्हणायचे? समुद्र तापत आहे, जीव सरकत आहेत, आणि ‘परके ते वाईट’ म्हणणाऱ्यांच्या हातातली यादी दर दशकाला जुनी होणार आहे.

नव्या आयात-नियमावलीचीही हीच अडचण. परवानगीआधी अर्ज, समितीची छाननी, आल्यावर विलगीकरण: सगळे योग्य. पण विलगीकरणात रोपाला चिकटून आलेले रोग आणि किडे पकडले जातात. रोप स्वतःच निसटले तर काय, हे टाकीत कळत नाही; ते कळते प्रवाहात. म्हणून परवाना रोपाबरोबर जागेलाही लागू हवा. प्रस्तावित जागेवर दोन्ही मोसमांत, भरती-ओहोटी आणि उधाण धरून, प्रवाहाची मोजणी व्हावी. तळावरून गडगडणाऱ्या वजनाचे, खूण केलेले तुकडे सोडून ते कुठे जातात ते पाहावे, नुसते तरंगते फलक सोडून नव्हे. त्या टप्प्यात जिवंत प्रवाळ असेल तर परवाना नाही. परवाना दिला तर जवळच्या खडकांवर दर महिन्याला पाणबुड्याची फेरी, आणि डाग दिसल्यास दोन-चार दिवसांत उचलणी: ओढून नाही, तर प्रवाळावरचा बुंधा खरवडून, उचललेले बारीक जाळीच्या पिशवीत, कारण काढताना पडलेला तुकडाच पुढची लागण, आणि किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर वाळवून. मग दीड-दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा, कारण एका फेरीत ते जात नाही. हे काम त्याच बचतगटांच्या बायकांना मजुरी देऊन करता येईल. त्यांच्याइतके ते पाणी कोण ओळखते?

कोकणात समुद्री शेवाळाची शेती करावी, ही सूचना आता वरचेवर ऐकू येते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेणाऱ्या होड्यांचे पोट त्याच खडकांवर चालते. तिथे पाल्कसारखा आडोसा नाही. मे संपता संपता उधाण सुरू होते, पहिल्या पावसाने किनाऱ्याचे पाणी गोडसर होते, म्हणजे आइस-आइसला आमंत्रण आणि तराफे फुटायला निमित्त एकाच आठवड्यात. शेती करायचीच तर ग्रॅसिलेरिया या देशी शेवाळापासून सुरुवात करता येईल. भाव कमी, वाढ कमी, हे कबूल. पण तुकडा सुटला तर तो आपल्याच खडकावर जाईल, जिथे त्याला चरणारे आधीपासून आहेत. आणि कप्पाफायकसचाच आग्रह असेल, तर अर्जात तीन रकाने वाढवावेत: मेच्या कोणत्या तारखेला शेवटचा तराफा किनाऱ्यावर ओढला जाईल, मालवणच्या प्रवाळापर्यंतचे अंतर प्रवाहाने किती, आणि सफाईची रक्कम कोणत्या खात्यात जमा आहे.